दोन जीपांची एक जीप

भोरहून महाडकडे निघालं की रस्ता नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने हिर्डोशी मागे टाकत वरंध घाटाला लागतो. नसरापूरहून वेल्ह्याकडे वळलं तर डाव्या-उजव्या हाताला भातखाचरं आणि समोर तोरणा. या दोन्ही वाटांवर कधी गाडी थांबवून घरांच्या मागच्या बाजूला नजर टाकावी. गोठ्याच्या आडोशाला, पेंढ्याच्या गंजीशेजारी, चाकांच्या जागी दगड घेऊन उभी असलेली एखादी जुनी जीप दिसते. बोनेटवर कोंबड्या, सीटच्या जागी सरपण. रस्ते नव्हते तेव्हा आजारी माणूस, खताची पोती आणि लग्नाचं वऱ्हाड याच गाडीने वाहिलं. ती किलोच्या भावाने भंगारात जाते तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण अशा दोन मोडक्या गाड्यांतून एक धडधाकट गाडी उभी राहू शकते. जीपच्या बाबतीत ही ओढाताणीची तडजोड नाही. ती जन्मली तीच या अटीवर.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. टोलेडोच्या विलिस कंपनीचा आराखडा पसंत पडला, पण एकट्या विलिसला मागणी पुरवणं शक्य नव्हतं. म्हणून १९४१ अखेरीस तोच आराखडा फोर्डलाही दिला गेला. विलिसची ती ‘एमबी’, फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’. अट अशी की एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे. रणांगणावर एक गाडी सुरुंगावर गेली आणि दुसरीचं इंजिन बसलं, तर तिथल्या तिथे दोघींची एक करता आली पाहिजे. दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ ठोकला. आजही जाणकार माणूस गंजलेला बोल्ट फडक्याने पुसून आधी ते अक्षर शोधतो.

युद्ध संपल्यावर यातल्या कितीतरी जीपा इथेच डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. १९४५ साली सुरू झालेली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही मुळात पोलादाचा व्यापार करणारी कंपनी. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. त्याच सुमाराला मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली. पुढे ‘सीजे-३बी’ हे मॉडेल परवान्याखाली इथेच बनू लागलं आणि अमेरिकेत ते १९६८ साली बंद झाल्यावरही आपल्याकडे त्याच घराण्याच्या गाड्या निघत राहिल्या. मावळातल्या गोठ्यामागे सापडते ती बहुधा याच वंशातली.

दोन गाड्या निवडायच्या कशा? इथे भूगोल कामाला येतो. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद मावळ हे सगळे सह्याद्रीच्या माथ्याला चिकटलेले, मुसळधार पावसाचे. तिथली जीप खालून खाल्लेली असते. युद्धकाळातल्या जीपच्या तळाखाली पन्हाळीसारख्या पट्ट्या होत्या आणि त्यांच्या पोटात लाकूड घातलेलं असे. ते लाकूड पाणी धरून ठेवी आणि पत्रा आतून सडे. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. तिच्या खळग्यातही चिखल साचतो. पण अशी गाडी खाचखळग्यातून सावकाश चाललेली असल्याने तिचं इंजिन कधी कधी आश्चर्य वाटावं इतकं चांगलं निघतं. उलट फलटण-बारामतीकडच्या कोरड्या मुलखातली जीप घ्या. पत्रा टणटणीत, पण धूळ ओढून सिलिंडर घासलेले. दोन्हींचे रोग वेगळे असतील तरच जोडी जमते. एकाच ओढ्याकाठी सडलेल्या दोन गाड्या आणून फक्त दुप्पट गंज मिळतो.

जोडी जमवताना दिसण्यावर जाऊ नये. एमबी आणि ३बी दोघींचा व्हीलबेस ८० इंच, दोघींची इंजिनं २.२ लिटरची, सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धावही तीच. पण एमबीच्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, तर ३बीच्या इंजिनाचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि १९५३ साली ३बी आली ती उंच बोनेट घेऊन. ३बीचं इंजिन एमबीत बसवलं की बोनेट मिटत नाही. महिंद्रच्याच एमएम ५४० या जीपचा व्हीलबेस तर ९१ इंच. तिची बॉडी ८० इंची चासीवर बसणार नाही. प्यूजोचं डिझेल इंजिन आलं की इंची आट्यांच्या गाडीत मिलिमीटरचे आटे शिरतात आणि पान्ह्यांचे दोन संच लागतात. स्टिअरिंगही बघावं लागतं. युद्धातल्या जीपा डाव्या हाताच्या, आणि आपल्याकडेही कैक जीपांच्या मागे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवलेलं असे. डावीची चासी आणि उजवीची बॉडी घेतली तर पेडलची भोकंसुद्धा जुळत नाहीत.

गाड्या खोलायला घेतल्या की एक नियम कधीही मोडू नये: जे भाग जोडीने झिजले ते जोडीनेच ठेवायचे. क्रँक ज्या टोप्यांत फिरतो त्या मेन बेअरिंगच्या टोप्या ब्लॉकवर बसवून एकत्र बोअर केलेल्या असतात. दुसऱ्या इंजिनाची टोपी बोल्टांना बसेल, पण क्रँक आवळला जाईल. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी तशीच, क्राउन आणि पिनियनही तसेच. म्हणून दोन इंजिनं दोन वेगळ्या ताडपत्र्यांवर खोलावीत, प्रत्येक टोपीवर पंचाने खूण करावी, आणि दोन ढीग एकमेकांत मिसळू देऊ नयेत. रात्री घाईने आवरताना एका डब्यात टाकलेले बोल्ट पुढे महिनाभर त्रास देतात.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तपासणी एक्सलची. पुढचा एक्सल एका गाडीचा आणि मागचा दुसरीचा घेण्याचा मोह हमखास होतो. एमबीच्या क्राउनला ३९ दाते, पिनियनला ८. म्हणजे प्रमाण ४.८८. ३बीच्या क्राउनला ४३, पिनियनला ८, म्हणजे ५.३८. हे दोन एक्सल एका गाडीत आले तर टू-व्हीलवर काहीच कळत नाही. गाडी छान पळते. पण मढे घाटाच्या वाटेवर केळदच्या चढाला फोर-व्हील टाकलं की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात, शाफ्ट पिळले जातात, आणि सगळ्यात कमजोर सांधा तुटतो. मागचं कव्हर उघडून दाते मोजायला अर्धा तास पुरतो. पुढचंही मोजावं.

मग चासी. दोन्ही चौकटी नागड्या करून सपाट जमिनीवर ठेवायच्या, ओळंब्याने ठरावीक भोकांच्या खुणा जमिनीवर उतरवायच्या आणि आडवे कर्ण मोजायचे. कर्णांत फरक पडला तर चौकट तिरकी झाली आहे; ती गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढेल. पाटे नवे टाकता येतात, इंजिन बोअर करून जादा मापाचे पिस्टन घालता येतात, पण वाकडी चासी सरळ करण्यापेक्षा दुसरीची सरळ चासी घेणं बरं. सडलेला पत्रा कापून दुसऱ्या गाडीचा पत्रा त्या जागी वेल्ड करावा. भोकावर जाळी ठेवून त्यात लांबी भरणारे कारागीर दिवाळीपुरती गाडी चकचकीत करून देतात, पण पहिल्या पावसाळ्यात लांबीचा पोपडा सुटतो आणि आत गंज चालूच असतो.

यानंतरचा प्रश्न कागदाचा, आणि तो शेवटी नव्हे, सुरुवातीलाच सोडवायला हवा: उभी राहिलेली गाडी कोणती? आंब्याच्या कलमात नाव फांदीचं लागतं. खुंट रायवळ असला तरी झाड हापूसच. गाडीत उलटं आहे. नाव खुंटाचं, म्हणजे चासीचं. एमबीचा क्रमांक चासीच्या डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या पाटीवर असे, फोर्डने तो पट्टीवरच ठोकला. तो क्रमांक ज्या आरसी पुस्तकात आहे तीच ही गाडी. इंजिन दुसरीचं बसवलं तर आरटीओची मंजुरी घेऊन त्याची नोंद करून घ्यावी लागते. आणि दुसरी गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्यायची असते. एका गाडीची चासी, दुसरीची नंबरप्लेट हा उद्योग चोरीच्या गाड्यांचा रस्ता आहे. हौशी माणसाने त्याच्या जवळपासही जाऊ नये.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील तर २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीची वाट उघडली आहे. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा इंधन भरायला रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, हीही अट आहे. म्हणून जोडी एकाच मॉडेलची आणि जवळपासच्या सालाची असेल तर उत्तम. एकीचा मूळ पत्रा दुसरीला लावणं ही दुरुस्ती. डिझेल इंजिन कोंबून रुंद टायर घालणं म्हणजे फेरफार.

काम चालू असताना एक वही ठेवावी. कोणता भाग कोणत्या गाडीतून आला, त्यावर कोणता क्रमांक होता, काय नवं टाकलं, हे तारखेसह लिहावं. उरलेल्या गाडीचे उपयोगी पडणारे भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवावेत. पुढच्या वीस वर्षांत एखादा ट्रान्सफर केसचा गिअर त्यातूनच मिळेल. इंजिन पहिल्यांदा चालू होतं तेव्हा आजूबाजूचे सगळे गोळा होतात आणि कोणीतरी रेस करायला सांगतंच. करू नये. आधी ऑइलचा दाब बघावा, रेडिएटरचं पाणी बघावं, गळती बघावी. पहिले काही दिवस भोर ते नेकलेस पॉइंट एवढीच सपाटीची फेरी, तीही ओझ्याशिवाय. त्यानंतर तेल काढून मांजरपाटाच्या फडक्यातून गाळावं आणि फडकं उन्हात धरून धातूचा कण चमकतो का ते पाहावं. फडकं स्वच्छ निघालं की वरंध घाटाकडे निघायला हरकत नाही.