हौशी मुष्टियुद्धाचे संघटक

मुष्टियुद्ध ही केवळ विलायती वस्तू होय, असा समज पुष्कळांचा असतो. तो यथार्थ नाही. भागवतात कंसाच्या रंगभूमीवरील एका मल्लाचे नावच मुष्टिक आहे. बडोदे व म्हैसूर येथील जेठी मल्लांची वज्रमुष्टीही प्रसिद्ध आहे. विलायतेतून आले ते मुष्टियुद्धाचे हौशी रूप. द्रव्यासाठी न लढणारा तो हौशी, हा त्याचा पारिभाषिक अर्थ.

इंग्लंडातही पूर्वी उघड्या मुठींनी, पैजा लावून झुंजी होत. सन १८६७ मध्ये जॉन ग्रॅहम चेंबर्स यांचे नियम प्रसिद्ध झाले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि पडलेल्यास उठण्यास दहा सेकंद, ही त्यांतील मुख्य कलमे. परंतु नियमांस नाव पडले ते पुरस्कर्त्या क्वीन्सबरीच्या मार्क्विसचे. रचनाकार मागे राहिला. पुढे १८८० मध्ये लंडनात हौशी मुष्टियुद्धाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. आपल्याकडे मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना १९२५ मध्ये निघाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे सात मुष्टियोद्धे उतरले, आणि अखिल भारतीय संघटना त्यानंतर, म्हणजे १९४९ मध्ये, उभी राहिली.

या क्रमाचे मर्म करवीरच्या कुस्तीशी ताडून पाहिल्यास स्पष्ट होते. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त मल्लांचे पोषण राजाकडे आहे. तीच परंपरा शाहू छत्रपतींनी वैभवास नेली. १९१२ चे खासबाग मैदान तिची साक्ष देते. मात्र राजाश्रय हा राजाच्या आयुष्याएवढा. संस्था नियमांवर चालते, म्हणून ती व्यक्तीमागे टिकू शकते. दोहोंमधील संधिकाळ खाशाबा जाधव यांच्या चरित्रात दिसतो. १९४८ च्या प्रवासास कोल्हापूर दरबारचे साहाय्य होते. १९५२ मध्ये हेलसिंकीस जाण्यासाठी लोकवर्गणी जमवावी लागली, आणि राजाराम महाविद्यालयाचे खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. तेथे खाशाबांनी कांस्यपदक मिळविले.

पदक मल्लाचे, कीर्ती आश्रयदात्याची. संघटकाच्या वाट्यास बहुधा विस्मृतीच येते. उचगावसारख्या गावांतील तालमींची जुनी दप्तरे, वर्गणीच्या वह्या व कुस्त्यांची हस्तपत्रके म्हणूनच जपली पाहिजेत, असे आम्हांस वाटते. संघटकांचा इतिहास मिळाला तर तेथेच मिळेल.