‘वाफ दिली, मोकळा झाला’

जबलपूरच्या सराफ्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास हे वाक्य हमखास कानावर येतं. रात्री पोराला धाप लागते, व्हिक्टोरिया रुग्णालयात नाहीतर मेडिकल कॉलेजात धावाधाव होते, नेब्युलायझर लावतात आणि सकाळी आजी जिन्यात सांगते, “वाफ दिली, मोकळा झाला. दमा काही फार नाही त्याला.”

आजी, ती वाफ नव्हे, साल्ब्युटामॉल आहे. त्याने आवळलेल्या श्वासनळ्या चारेक तास सैल पडतात. आतली सूज तशीच राहते. आणि दमा ‘फार’ आहे की नाही, हे आजच्या धापेवरून ठरतच नाही. किती वेळा सांगायचं? ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या 195 मृत्यूंची छाननी झाली, अहवाल 2014 साली आला. ज्यांच्या आजाराची तीव्रता ठरवता आली, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा दमा सौम्य किंवा मध्यमच समजला गेला होता!

कोणतं मूल पुन्हा इमर्जन्सीत येईल, याची सर्वांत मोठी खूण म्हणजे गेल्या वर्षभरात येऊन गेलेला असाच झटका. त्यातून आयसीयूत राहून आलेलं मूल असेल, तर जास्तच जपायला हवं.

दुसरी खूण घरातच सापडते. आराम पडावा म्हणून घ्यायचे निळे पंप मोजा. एका पंपात 200 फवारे असतात. वर्षात असे तीन किंवा अधिक संपले तर झटक्याचा धोका वाढतो, असं ‘जीना’ ही दम्याची जागतिक मार्गदर्शिका सांगते. आणि रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप शेजारीच सीलबंद पडलेला असतो. सूज उतरवणारा तोच! त्यात माडीखाली दागिन्यांचा कारखाना असला, तर दागिना उजळताना उठणारा तेजाबाचा धूर जिन्यातून थेट वर येतो.

स्टेरॉइडच्या पंपाची सवय लागते? नाही. उंची खुंटते? उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात मोठेपणी सरासरी फरक निघाला 1.2 सेंटिमीटरचा. केळं-दही? ॲलर्जी नसेल तर खुशाल द्या. चित्रकूटची कोजागिरीची दम्यावरची खीर श्रद्धेने जरूर घ्या, पण त्यासाठी पंप एक दिवसही बंद करू नका.

नेब्युलायझर लावून घरी आणलेलं मूल एक-दोन दिवसांत डॉक्टरांना पुन्हा दाखवा, मोकळं वाटत असलं तरी. जाताना दोन्ही पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) बरोबर न्या, आणि पोराला त्यांच्यासमोर फवारा घ्यायला लावा.