कडबाकुट्टीच्या पात्यांची धार

कडबा महाग झाला अशी तक्रार करणारे आमचे पुष्कळ शेतकरी बंधू कुट्टी यंत्राच्या बोथट पात्यांकडे मात्र काणाडोळा करितात. बोथट पाते कडबा कापीत नाही, चिरडते. आणि गुरे पाला खाऊन बुंधे गव्हाणीत तसेच टाकतात.

ही धार विजेच्या सहाणेवर, म्हणजे ग्राइंडरवर, घरीच लावता येते. परंतु नुसत्या हाती धरलेल्या पात्यास ती एकसारखी येत नाही. याकरिता सुताराकडून उतरता ठोकळा करवून तो चाकासमोर घट्ट बसवावा, व पाते त्याच्या बाकाप्रमाणे त्यावरून सरकवावे. कोन मोजण्याची यातायात नको. पात्याच्या मूळ उतारास शाई फासून चाक हाताने फिरवावे. शाई उताराच्या सर्व रुंदीवर पुसली गेली की ठोकळा बरोबर बसला. पात्याची सपाट बाजू कदापि घासू नये. ती यंत्राच्या तोंडावरील पट्टीलगत फिरते. झिजल्यास फट राहून कडबा दुमडतो.

खरी हानी घाईने होते. चाकावर जोर दिला की धार निळी पडते, म्हणजे पोलादाचे पाणी उतरले. मग ती टिकणे नाही. हात हलका ठेवावा, पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. ठिणग्यांकरिता डोळ्यांवर चष्मा हवाच.

पाती काढता-बसविताना वीज तोडून, पट्टा उतरवून, चाकास लाकडाचा अडसर घालावा. कुट्टीत बोटे गमावलेली माणसे आम्ही फिरतीवर अनेक गावी पाहिली आहेत. पाती बसल्यावर अडसर काढून, बोटे दूर ठेवून, चाक हळू फिरवावे. पट्टीवर धरलेला लांब कागद स्वच्छ कापला गेला तरच पट्टा चढवावा.