गंजाचा घरगुती कारखाना

रायगडच्या किनाऱ्यावर घराचं गेट किंवा खिडकीचे गज रंगवायला काढले, की रंगारी आधी रेड ऑक्साइडचा डबा मागतो. अलिबाग असो, मुरूड असो की श्रीवर्धन, खाऱ्या वाऱ्यात त्याशिवाय रंग टिकत नाही हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. या डब्यातली विटकरी पूड म्हणजे लोह ऑक्साइड, गंजाचा सख्खा भाऊ. गंज चढू नये म्हणून गजावर गंजाच्याच भावाचा लेप! पण दोघांच्या स्वभावात फरक आहे. गजावरचा गंज भुसभुशीत, ओलावा धरून ठेवणारा आणि पापुद्र्यांनी सुटणारा. डब्यातली पूड मात्र पोटभर ऑक्सिजन खाऊन निवांत झालेली असते, आणि रंगातलं तेल-राळ तिला घट्ट धरून ठेवतं.

कुंड्यांना फासायचा गेरू, जांभ्या दगडाचा तांबडेपणा, जुन्या घरांतला लाल कोबा, सगळं याच कुळातलं.

हे लोह ऑक्साइड घरीही करता येतं. प्लास्टिकचा टब, पाण्यात चमचाभर मीठ, लोखंडाच्या दोन जाड सळ्या आणि पाच व्होल्टचा जुना मोबाइल चार्जर एवढ्यावर काम भागतं. चार्जरच्या धन तारेला एक सळई, ऋण तारेला दुसरी. सळ्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. वीज सुरू होताच ऋण सळईभोवती बारीक बुडबुडे उठतात, तो हायड्रोजन. धन सळई मात्र गुपचूप झिजत जाते. तिच्यातून सुटलेलं लोह पाण्यात हिरवट गाळ धरतं. हा गाळ ढवळला, हवा लागली, की हिरव्याचा शेवाळी, शेवाळीचा तपकिरी आणि शेवटी नारिंगी होतो. फडक्यातून गाळून, मीठ निघून जाईपर्यंत तीन-चार पाण्यांनी धुऊन वाळवला, की मिळतो पिवळट-तपकिरी भुगा. तोच जुन्या पत्र्यावर चांगला भाजला, की आतलं पाणी उडून लाल होतो. पिवळी काव भाजली की लाल होते, त्यामागेही हेच कारण.

समुद्र दारात असताना मीठ तरी विकत का घ्यायचं? दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असलेलं पाणी फुकट मिळतं. ते चालतंही, पण त्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम ऋण सळईवर पांढरं किटण धरतं आणि रंगात भेसळ होते.

आता हिशेब. मायकेल फॅरडेने 1830च्या दशकात मांडलेल्या नियमांनुसार, एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर जास्तीत जास्त 1.04 ग्रॅम लोह विरघळतं. त्याचं लाल ऑक्साइड होतं साधारण दीड ग्रॅम. म्हणजे चार्जर दहा तास चालवला तरी हाती येणार पंधरा ग्रॅम, तेही काही वाया गेलं नाही तर. विजेचं बिल नगण्य आहे. खरा खर्च गाळण्या-धुण्याच्या चिकट कामाचा. घर रंगवायला रंग हवा असेल तर सरळ दुकान गाठावं. रसायनशास्त्र डोळ्यांनी बघायचं असेल, तर मात्र टबाला तोड नाही.

काही गोष्टी कटाक्षाने टाळायच्या. स्टेनलेस स्टीलचा चमचा धन तारेला लावायचा नाही. त्यातून विषारी क्रोमियम सुटू शकतं. जुन्या सेलमधली कार्बनची कांडी मिठाच्या पाण्यात लावली तर क्लोरीन वायू निघतो. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळ काडी पेटवायची नाही. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर काढायचा.

याच टबाचा दुसरा उपयोग अधिक कामाचा आहे. गंजलेला कोयता ऋण तारेला आणि भंगारातली सळई धन तारेला लावली, की गंज चढण्याऐवजी उतरतो. त्या वेळी मात्र पाण्यात मीठ नव्हे, धुण्याचा सोडा घालायचा. बुडबुडे पापुद्रे सैल करतात आणि काही गंजाचं काळं ऑक्साइड होतं, ते ब्रशने सुटतं. झिजून गेलेलं लोखंड मात्र परत येत नाही.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या साळावला आणि धरमतर खाडीकाठच्या डोलवीला हाच उलटा प्रवास अवाढव्य प्रमाणावर उभा राहिला, फक्त तिथे विजेऐवजी इंधनवायूची मदत घेतली गेली. लोहखनिज म्हणजे मुळात लोह ऑक्साइडच. त्यातला ऑक्सिजन काढून स्पंज आयर्न करायचं. एकीकडे भट्ट्या लोखंडातला ऑक्सिजन हिसकावणार, दुसरीकडे समुद्राचा वारा तो परत चिकटवणार.

वाऱ्याची बाजू बघायची तर ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जावं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि 1849 हे साल कोरलेलं आहे, म्हणजे आंग्र्यांचं राज्य गेल्यानंतरच्या त्या. अशा लोखंडाचा खरा वैरी मिठातलं क्लोराइड. ते गंजाच्या आत शिरून बसतं आणि वरून कितीही घासलं तरी आतलं पोखरणं थांबत नाही. 1862 साली बुडालेल्या ‘मॉनिटर’ या अमेरिकी युद्धनौकेचा बुरूज 2002 मध्ये वर काढला, तेव्हा हे क्लोराइड ओढून काढण्यासाठी त्याला अल्कलीच्या टाकीत विजेचे उपचार वर्षानुवर्षं द्यावे लागले. म्हणून ऐतिहासिक वस्तूंवर घरचे टब आणि चार्जर चालवू नयेत. ते काम तज्ज्ञांचं.

कोयता आपला आहे, त्यावर खुशाल करावं. खंडेनवमीच्या पूजेआधी रात्रभर टबात ठेवावा, सकाळी ब्रशने घासून लगेच फडक्याने कोरडा करावा आणि खोबरेल चोळावं. तेल लावायचं राहिलं, तर किनाऱ्याच्या दमट हवेत त्याच दिवशी त्यावर पुन्हा तांबूस छटा दिसू लागते.