कळकलेले ताक आणि धातूंची ओळख

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार या गावाच्या नावात ‘कासार’ हा शब्द आहे. संस्कृत ‘कांस्यकार’ या शब्दापासून आलेला हा शब्द तांब्यापितळेची भांडी घडविणाऱ्या व विकणाऱ्या व्यावसायिकांचा वाचक होय. अशा भांड्यांच्या नित्य वापरातून मराठीत ‘कळकणे’ हे क्रियापद रूढ झाले. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिले म्हणजे ते कळकते. ताकातील आम्ल व हवा यांच्या योगाने तांबे व जस्त यांचे आयन ताकात उतरतात आणि जिभेस विकृत चव लागते. म्हणजे हे क्रियापद जिभेने केलेल्या एका परीक्षेचा निष्कर्षच नोंदविते.

ही परीक्षा मात्र अपुरी आहे. कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ असल्यास शिसेही आंबट पदार्थात उतरते. शिशाचे ॲसिटेट चवीस गोड असते. ‘शिशाची साखर’ असे त्यास पूर्वी म्हणत. तांब्याविषयी सावध करणारी जीभ त्याहून घातक अशा शिशाविषयी सावध करीलच असे नाही.

येथे रासायनिक परीक्षेची आवश्यकता उत्पन्न होते. आयन क्रमाक्रमाने वेगळे करण्याची पद्धती जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेझेनियस याने १८४१ साली ग्रंथरूपाने मांडली. प्रथम ताक जाळून त्यातील सेंद्रिय द्रव्य नाहीसे करावयाचे, राख नायट्रिक आम्लात विरघळवावयाची, व ते आम्ल आटवून उरलेला अंश सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घ्यावयाचा. शिसे विपुल असल्यास या टप्प्यावर पांढरा साका पडतो. परंतु शिशाचे क्लोराइड २० अंश सेल्सियस तापमानास लिटरभर पाण्यात सुमारे १० ग्रॅम विरघळते. यास्तव साका न पडणे हा शिशाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही.

पुढे याच आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला असता तांबे व शिसे या दोहोंचे काळे सल्फाइड खाली बसते. कथिलाचे सल्फाइडही त्यात असते. ते पिवळ्या अमोनियम सल्फाइडात विरघळवून काढून टाकतात. जस्त द्रावणातच राहते. उरलेला काळा साका उष्ण सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवून सल्फ्युरिक आम्ल घातल्यास शिशाचे पांढरे सल्फेट वेगळे होते. ते अमोनियम ॲसिटेटात विरघळवून पोटॅशियम क्रोमेट घातले की पिवळा साका पडतो. गाळलेल्या द्रावणात अधिक अमोनिया घातल्यावर येणारा गडद निळा रंग तांब्याचा निदर्शक होय.

यावरून असे दिसून येईल की, रंग किंवा साका स्वतः काहीच सिद्ध करीत नाही. त्यापूर्वी कोणते पर्याय वगळले गेले, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. काळ्या साक्याचे दोन अर्थ संभवतात, आणि पहिल्या परीक्षेचा नकार तर संदिग्धच असतो. शिवाय ‘आढळले नाही’ हे विधान परीक्षेच्या सूक्ष्मतेपुरतेच खरे असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतक्या अल्प प्रमाणाचा निर्णय परीक्षानळीत होत नाही. त्यासाठी आज उपकरणांचाच आधार घ्यावा लागतो.