खवल्यांची त्वचा आणि आपले वसतिगृह

थंडी पडू लागली की वसतिगृहातील एखाद-दुसरा विद्यार्थी भर दुपारीही पूर्ण बाह्यांचा सदरा उतरवीत नाही. त्याच्या नडग्यांवर, हातांवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक पापुद्रे उमटलेले असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाचे अंथरूण सोबत्यांनी बाजूला सरकवले. आणि आम्ही शिक्षकांनी काय केले? त्यालाच वज्रीने अंग घासून आंघोळ करण्यास सांगितले! बाजूला सरकवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही ते आमच्या डोळ्यांदेखत घडले.

त्वचारोगतज्ज्ञांनी विकाराचे नाव सांगितले : इक्थिऑसिस व्हल्गॅरिस. तो आनुवंशिक आहे, स्पर्शाने पसरत नाही आणि अस्वच्छतेने होत नाही. फिलॅग्रिन हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातील दोष त्याच्या मुळाशी असल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले. या प्रथिनाच्या अभावी त्वचेत ओलावा टिकत नाही आणि मृत पेशी गळून न पडता साचतात. वज्रीने खवले निघतात खरे, पण त्वचा सोलवटते, भेगा पडतात, आणि खवले पुन्हा येतातच.

हा विकार मुळातून जात नाही. मात्र रोजच्या निगेने त्वचा पुष्कळ मऊ राहते. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करावी, साबण सौम्य व बेताचा असावा. अंग पंचाने चोळू नये, टिपावे. ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, पेट्रोलियम जेली लावावी. उशीर झाला तर तेवढा उपयोग होत नाही. जाड खवल्यांवर युरियायुक्त मलम गुणकारी ठरते, परंतु भेगांवर ते झोंबते. सॅलिसिलिक आम्लाचे मलम लहान मुलांच्या अंगभर कधीही लावू नये. ते त्वचेतून रक्तात शोषले जाते. जेली मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, म्हणून शेकोटीपासून दूर बसावे. काहींना घामही कमी येतो. उन्हाळ्यात मैदानावर त्यांच्याकडे लक्ष असावे.

प्रत्येक पापुद्रा याच विकाराचा नसतो. सोरायसिसही संसर्गजन्य नाही. गजकर्ण आणि खरूज मात्र पसरतात. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर खरजेची शंका घ्यावी आणि खोलीतील सर्वांवर एकदमच उपचार करावेत. निदान डॉक्टरांनीच करावे. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने गजकर्ण दबते व अधिक चिघळते.

आता जेलीचा मोठा डबा न्हाणीघराच्या दाराशीच असतो. हिवाळ्यात टाचा फुटलेली मुलेही त्यातूनच घेतात, त्यामुळे तो कोणासाठी ठेवला आहे हे आता कोणी विचारीत नाही.