संगणकातील संगीत, घरच्या हाय-फायवर

बेंगळूरच्या चामराजपेट भागात १९३९ साली श्री रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव सुरू झाला. फोर्ट हायस्कूलच्या पटांगणातील त्याच्या मैफलींची ख्याती दूरवर पसरली. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यासारख्या थोर कलावंतांनी या उत्सवात गायन केले. मात्र मंडपात जाऊन बसणे प्रत्येक रसिकाला जमतेच असे नाही. आज नामवंत कलावंतांची असंख्य ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर उपलब्ध असली, तरी संगणकाच्या इवल्याशा स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज आणि मृदंगाचा भरदार नाद पुरेसा उमटत नाही. त्याच घरात कॅसेट-सीडीच्या काळात हौसेने घेतलेला हाय-फाय संच मात्र धूळ खात पडलेला असतो. या दोहोंची सांगड घालणे अवघड नाही आणि फारसे खर्चीकही नाही.

जोडणी कशी करावी?

संगणकाच्या हेडफोनच्या छिद्रात बसणारी ३.५ मिलिमीटरची पिन एका टोकाला आणि लाल व पांढरी अशा दोन पिना दुसऱ्या टोकाला असलेली केबल घ्यावी. जोडताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवावा. त्याच्या मागील बाजूस ‘ऑक्स’, ‘लाइन इन’ किंवा ‘सीडी’ असे लिहिलेल्या जागी लाल पिन उजव्या व पांढरी पिन डाव्या बाजूसाठी लावावी. ‘फोनो’ ही जागा टाळावी. ती रेकॉर्ड प्लेअरच्या अतिशय क्षीण संदेशासाठी असल्याने संगणकाचा आवाज तेथे फाटका येतो. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवून संच सुरू करावा, संगणकाचा आवाज बराच वर न्यावा आणि मग अ‍ॅम्प्लिफायरवरून हवा तेवढा वाढवावा.

आवाजाचा दर्जा

संगणकात संगीत आकड्यांच्या रूपात असते. सीडीवर ध्वनीची नोंद प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते. या आकड्यांचे पुन्हा विद्युतलहरीत रूपांतर करणाऱ्या भागास ‘डॅक’ म्हणतात. तो संगणकात असतोच. पण शेजारच्या भागांमुळे त्यात कधी बारीक खरखर मिसळते. तसे होत असल्यास यूएसबीला जोडायचा स्वतंत्र डॅक उपयोगी पडतो. स्ट्रीमिंगचा दर सेकंदाला ३२० किलोबिट असेल, तर तासाला सुमारे १४४ मेगाबाइट डेटा लागतो. सीडीच्या दर्जासाठी, संक्षेप न केल्यास, सुमारे ६३५ मेगाबाइट. त्यानुसार आपली इंटरनेट योजना पाहून दर्जा निवडावा.

गुणगुण आणि सुरक्षितता

जोडणीनंतर पुष्कळदा ‘हूं’ असा अखंड आवाज येतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ही गुणगुण खर्जाच्या आसपास घोटाळते आणि संथ आलापीत अधिकच जाणवते. लॅपटॉप असल्यास त्याचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली, तर दोन्ही उपकरणांच्या अर्थिंगमधून केबलमार्गे वर्तुळ तयार झाले असण्याची शक्यता मोठी आहे. प्रथम दोन्ही उपकरणे एकाच विस्तार-फळीवर लावून पाहावीत. तरीही फरक न पडल्यास केबलमध्ये बसवायचा आयसोलेटर घ्यावा, अथवा दोन्हीकडे सोय असल्यास ऑप्टिकल केबल वापरावी. या केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे ते वर्तुळ आपोआप तुटते.

गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कदापि मानू नये. उपकरणात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या आवरणात वीज उतरली, तर तिला जमिनीत वाट देणारी तीच पिन असते. तिच्याअभावी संचाला हात लावणाऱ्या घरातल्या माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

एवढी काळजी घेतली, की जुना संच मोडीत काढण्याचे कारण उरत नाही. पहिली चाचणी म्हणून केवळ तानपुरा लावावा. दोन झंकारांमधली शांतता निर्मळ ऐकू आली, तर जोडणी उत्तम झाली असे खुशाल समजावे.